अलीकडे पाहिलेले (आणि ऐकलेले) सिनेमे : जुने, नवे, सगळे चालतील

रानजाई

लागोपाठ दोन सिनेमे पाहिले. प्रभातचा 'कुंकू' (१९३७) आणि रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' (२०२५). ठरवून नव्हे. पहिला सासूबाईंना हवा होता, दुसरा माझाच कधीपासून राहिला होता. पण दोन्ही संपल्यावर एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. दोन्हींत पार्श्वसंगीत नाही.

'कुंकू'ची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांतारामबापूंनी यात वरून वाजवलेलं संगीत ठेवलंच नाही. पडद्यावर जे आहे त्याचाच आवाज येतो. पावलं, दारं, भांडी आणि काकासाहेबांचं ते भिंतीवरचं जुनं घड्याळ. गाण्याला साथ हवी तर ग्रामोफोन लावायचा. पहिली दहा मिनिटं सासूबाई म्हणत होत्या, "अगं आवाज गेलाय का टीव्हीचा?" नंतर त्याच म्हणाल्या की ही शांता आपटे किती जोरात बोलते नाही! जोरात बोलत नाही हो ती. तिच्या बोलण्यावर कुणी सारंगी ओढत नाही, म्हणून एकेक शब्द लागतो. केशवराव दात्यांचा म्हातारा तर मला आधी नुसता चीड आणणारा वाटला आणि मग हळूहळू बिचारा वाटायला लागला. त्याची कीव करा असं सांगायला एकही व्हायोलिन नाही.

'साबर बोंडं'मध्ये आनंदचे वडील जातात आणि दहा दिवसांसाठी तो आईबरोबर गावी येतो. सुतकाचे सगळे नियम, अनवाणी फिरायचं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार की लग्नाचं काय. आईला ठाऊक आहे की त्याला मुलगे आवडतात. लहानपणीचा मित्र बाळ्या तिथेच शेती-शेरडं सांभाळतो. दोघांमधलं जे काही आहे ते कॅमेरा दूर उभा राहून बघतो, आणि आपल्याला ऐकू येतात पाखरं, वारा, लांबून कुणीतरी मारलेली हाक. सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं तेव्हा सगळीकडे 'धाडसी विषय' म्हणून लिहून आलं. मला विषयापेक्षा त्यातला संयम जास्त धाडसी वाटला. प्रेमाच्या सिनेमात बासरी न वाजवायला हिंमत लागते.

तर, अलीकडे तुम्ही काय पाहिलंत? आणि पाहताना काय ऐकलंत?

ठाकुर्ली_स्लो

मालिका बघून बघून माझे कान मेलेत. सून चहाचा ट्रे घेऊन आली तरी तीनदा वीज कडाडते. 'कुंकू' लावतो या रविवारी.

पेटीमास्तर

रानजाई, लिहिलंय छान, पण एक तक्रार नोंदवतो. संगीत काढून टाकलं की सिनेमा आपोआप प्रामाणिक होतो, हे हल्ली फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. 'कुंकू'तलं 'मन सुद्ध तुझं' आठवा. रस्त्यावरचा भिकारी गातो आणि सगळ्या गोष्टीचा कणा तिथे सापडतो. चाल केशवराव भोळ्यांची. ते गाणं काढा आणि मग सांगा.

मी नुकताच 'संत तुकाराम' (१९३६) पुन्हा पाहिला. विष्णुपंत पागनीस अभिनय करतात की भजन, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि तीच त्यांची ताकद. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेला हा माणूस इथे कुठेही नाटकी होत नाही. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं पद, पण इतकं मुरलंय की लोकांनी ते तुकोबांचा अभंग म्हणून गाथेत शोधलं! सिनेमातल्या गाण्याला याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? आणि समोर गौरीची जिजाई. पोर आजारी आहे म्हणून चप्पल घेऊन विठोबाला मारायला देवळात निघालेली. एकीकडे तुकोबांचा टाळ, दुसरीकडे तिची करवादणारी जीभ. तो सिनेमा या दोन आवाजांवर उभा आहे.

'जगाच्या पाठीवर' (१९६०) बद्दल मी लिहू लागलो तर थांबणार नाही. राजाभाऊ परांजपे, गदिमा, बाबूजी म्हणजे सुधीर फडके. रस्त्यावर गाणारी सीमाताईंची आंधळी मुलगी. त्यातली गाणी काढून दाखवा बरं कुणी.

रानजाई

पेटीमास्तर, गाण्यांना कोण नाही म्हणतंय? पडद्यावर कुणीतरी गातंय, ते त्या माणसाचं आहे. माझं भांडण आहे ते कुणाचंच नसलेल्या संगीताशी. माणूस खिडकीत उभा आहे आणि मागे पन्नास वायोलिनं. ती कुणाची?

पेटीमास्तर

प्रेक्षकाची. माझी. मला नको असतील तर मी उठून जाईन.

डबिंगवाला

दोघांच्या भांडणात थोडी माती टाकतो. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, मोठा नाही, पोटापुरता.

१९३७ साली शांता आपटे सेटवर बोलायची आणि तिथेच ध्वनिमुद्रण व्हायचं. स्वतःचं गाणंही स्वतःच गायची. पार्श्वगायन तेव्हा नुकतं कुठे सुरू झालं होतं. नंतर संवादाखाली संगीत घालायचं म्हणजे वेगळा खटाटोप, हे खरं. पण 'कुंकू'त संगीत नाही ते या खटाटोपामुळे नव्हे, कारण त्याच प्रभातने आदल्या वर्षी 'संत तुकाराम' केला होता. करता येत होतं. नको म्हणून केलं नाही. त्यामुळे बापूंनी संगीत 'ठेवलंच नाही' हे रानजाईताईंचं म्हणणं बरोबर आहे.

पुढे गंमत झाली. कॅमेरे घरघर करणारे, लोकेशनवर हजार आवाज, नटांच्या तारखा नाहीत. मग सगळं शूटिंग मुकं किंवा कच्च्या आवाजावर आणि संवाद नंतर स्टुडिओत बसून डब करायचे, ही रीत पडली. वर्षानुवर्षं हिंदी-मराठी सिनेमे असेच झाले. डबिंगमध्ये माणसाचा आवाज मिळतो, पण त्याच्या भोवतालची हवा मिळत नाही. आम्ही लोकेशनवर 'रूम टोन' घेतो, म्हणजे सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचं, पंखा-फ्रीज बंद, मोबाईल बंद, आणि रिकाम्या खोलीचा आवाज काही सेकंद टेप करायचा. प्रत्येक खोलीचा वेगळा असतो. माजघराचा आणि पोटमाळ्याचा एक नसतो. डब केलेल्या सिनेमात हे नसेल तर दोन वाक्यांमधली जागा ठार मेलेली ऐकू येते. ती भरायची कशानं? संगीतानं. तुम्ही ज्या पन्नास वायोलिनांना शिव्या घालताय त्यातली निम्मी तरी भोकं बुजवायला बसवलेली होती.

आता सिंक साउंड आलंय, म्हणजे शूटिंगच्या वेळीच तिथला खरा आवाज घ्यायचा, छोट्या बजेटमध्येही जमतं, म्हणून नवी पोरं गप्प बसू शकतात. पूर्वीच्यांना गप्प बसण्याची सोयच नव्हती. (पण सिंक साउंड म्हणजे जनरेटर कुठे ठेवायचा यावरून प्रॉडक्शनवाल्याशी रोज भांडण. आणि गावात शूटिंग असलं की शॉट लागल्याबरोबर कुणाचं तरी लग्न निघतं, डीजेसकट.)

ठाकुर्ली_स्लो

ही पोस्ट जपून ठेवतोय. धन्यवाद दादा.

दूरदेशी_स्टुटगार्ट

मी 'कोर्ट' (२०१४) परत पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा भारतात होतो आणि संथ वाटला होता, खरं सांगतो. आता इतकी वर्षं बाहेर राहून ऐकला तर कानांना नुसती मेजवानी. ते कोर्टातलं वातावरण! वरचा पंखा, कागद, मागे कुणीतरी खोकतंय, आणि न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं ऐकून त्याचं स्वतःच्या भाषेत सुबक वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. माणूस बोलतो एक, नोंद होते दुसरीच. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने त्यावर एक अक्षरही टिप्पणी केलेली नाही, फक्त ऐकवलंय.

सरकारी वकील नूतनबाई कायद्याची कलमं इंग्रजीत एका सुरात वाचत सुटतात. गीतांजली कुलकर्णीने ते इतकं अचूक पकडलंय की मला आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या. पुढच्या प्रसंगात त्याच नूतनबाई लोकलमध्ये स्वयंपाकाच्या गप्पा मारतात आणि एकदम आपल्या होतात. बचावाचा वकील गाडीत जॅझ ऐकतो, दुकानातून वाईन आणि चीज घेतो. शाहीर नारायण कांबळे स्टेजवर गातो तेव्हा संभाजी भगतांची गाणी. सिनेमात संगीत आहे ते एवढंच, ज्याचं त्याचं. रानजाईंच्या 'कुणाचं' या प्रश्नाला हा सिनेमा म्हणजे पुरावा म्हणून सादर करता येईल.

गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते तो प्रसंग. तिचा नवरा आत दगड टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत श्वास घेता येईल म्हणायचं. हे ती एखाद्या भाजीची कृती सांगावी इतक्या साधेपणाने सांगते. त्या जागी जर कुणी सतार वाजवली असती ना, तर मी लॅपटॉप आपटला असता.

चष्मिष्ट

'कोर्ट'मध्ये सगळे निघून गेल्यावर कोर्टाचे दिवे एकेक करून बंद होतात आणि कॅमेरा तिथेच, तो शॉट! मला वाटलं संपला. मग पुढे न्यायाधीशसाहेबांची सहल. ती नसती तर बरं झालं असतं की नाही यावर नवऱ्याशी अजून वाद चालू आहे.

याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' पाहिलाय का कुणी? शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद नेरुळकर. मोटारसायकलवरून रात्रीच्या रिकाम्या मुंबईत फिरतो, कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, जुनी भाषणं आणि खाली तानपुरा. माई पडद्यावर कधी दिसतच नाहीत, नुसता आवाज. तो आवाज कुणाचा माहितीये? सुमित्रा भावे! स्वतः इतक्या मोठ्या दिग्दर्शक. सिनेमा आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आला २०२१च्या एप्रिलमध्ये, आणि सुमित्राताई त्याच महिन्यात गेल्या. मी तेव्हा पाहिला होता आणि आता परत. आवाज कडक आहे, ममताबिमता काही नाही. सुर लागत नसेल तर गाऊ नकोस असं म्हणणारी बाई. शरदचं आयुष्य त्या आवाजाखाली चिरडलं जातं आणि त्याला वाटतं तो घडतोय. मी गाणं शिकले आहे थोडं, त्यामुळे अंगावर आलं. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांनाही पोचेल का, सांगा.

पेटीमास्तर

पोचेल. माझ्या धाकट्या भावाला राग भूप आणि भेळपुरी यातला फरक कळत नाही, त्याला पोचला.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडचा 'स्थळ' सुटला का बापा सगळ्यांच्या नजरेतून? जयंत सोमलकरचा. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, तिथलेच लोक, आणि कापूस. टोरांटोच्या महोत्सवात गाजला तेव्हा इकडं कोणाला खबर नव्हती; थेटरात आला २०२५च्या मार्चमधी.

सविता बी.ए. करते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे आणि घरचे स्थळं पाहतात. पाहुणे येतात, पोरगी समोर बसते, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, शेतात काम करते का. पाहुणे जातात. मग परत येतात, दुसरे. तेच प्रश्न, तोच क्रम, तीच खुर्ची. दिग्दर्शक हा प्रसंग पुन्हा पुन्हा जवळपास जसाच्या तसा दाखवते. तिसऱ्या वेळेला मी हसलो, त्याच्या पुढच्याला माझ्या बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी तिच्या घरी गेलो तेव्हाचे माझे काकाजी मला आठवले. उंची त्याहीनंच विचारली होती.

तुमच्या आवाजाच्या मुद्द्यावर: पाहुण्यांचा चहा पिताना येणारा आवाज. बस, तेवढंच. बशीत चहा ओतून पितात आणि पोरीचं भविष्य ठरते. आणि भाषा शंभर टक्के आमची, पुण्याच्या नटांनी 'काऊन बे' म्हटलेली नव्हे. गाभ्यात कापसाचा भाव आहे. भाव पडला की हुंडा जमत नाही, हे गणित बापाच्या चेहऱ्यावर वाचायला भेटते. सिनेमातला बाप वाईट माणूस नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

रानजाई

वऱ्हाडीभाऊ, शेवटचं वाक्य वाचून थांबले. बघणार, नक्की.

तळकोकणी_झिल

मी उलट बाजूने बोलणार, पेटीमास्तरांच्या पक्षात. 'दशावतार' (२०२५) थेटरात दोनदा पाहिलो. आमच्याकडे कुडाळ-सावंतवाडीकडची माणसं टेम्पो करून गेली होती. दिलीप प्रभावळकर एक्याऐंशी वर्षांचे, आणि बाबुली मेस्त्री असो काय केल्यानी की बोलता सोय नाय.

दशावतार संगीताशिवाय होऊच शकत नाही. जत्रेत रात्री नाटक लागतं, बाजूला पेटी, पखवाज, झांज. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतो. त्याने एखादं वाक्य टाकलं की पखवाजवाला थाप देऊन ते उचलून धरतो. तिथे संगीत मागे नसतंच, ते पात्र असतं. संकासुर, म्हणजे त्यातला राक्षस, आला की पोरं आधी आवाजाने घाबरतात, नंतर दिसल्यावर. सिनेमात जिथे जिथे रंगमंच आहे तिथे हे झकास जमलंय. बाबुली तोंडाला रंग लावतो तो प्रसंग मी परत परत बघेन.

आता खरी गोष्ट. उत्तरार्धात सिनेमा सूडकथा होतो, आणि तिथे जे ढणाढणा वाजतं ते दशावताराचं नाही, कुठल्याही दाक्षिणात्य मारामारीत चाललं असतं. पखवाज हातात असताना सिंथेसायझर कशाला बडवायचा? खाणीचा विषय आमच्या जिव्हाळ्याचा, डोंगर पोखरलेले डोळ्यांनी बघतो. तो आवाज, डंपरचा, घ्यायचा होता अजून. माझी तक्रार रानजाईंसारखीच झाली म्हणा शेवटी. पण थेटरात सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, मीही मारल्या.

डबिंगवाला

झिल, डंपरचा आवाज थेटरात लावला तर प्रेक्षक बाहेर जाऊन मॅनेजरला सांगतात की स्पीकर फाटलाय. अनुभव आहे.

अक्का_मिरजकर

'फँड्री' कुणीच काढला नाही म्हणून मीच काढते. नातवाबरोबर पाहिला. त्याच्या शाळेत दाखवत नाहीत, दाखवायला हवा.

डुक्कर पकडत असतात कचरू आणि घरचे, आता हाताला लागणार, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर कशाला थांबतंय? ते आपलं निघून जातं. नातू हसला आणि मग स्वतःच गप्प झाला. मला विचारलं, आजी, आपण आत्ता उभं राहायचं होतं का? काय उत्तर देणार. किशोर कदमांचा तो ताठ उभा राहिलेला बाप, मान खाली, डोळे डुकरावर. नागराज मंजुळेंनी तिथे स्वतःचं काहीच वाजवलेलं नाही, गरजच नाही.

आणि हो, अजय-अतुलचं ते 'फँड्री'चं गाणं सगळ्यांना पाठ आहे, पण ते जाहिरातीपुरतं होतं, सिनेमात नाहीच. मी वाट बघत बसले होते कधी येतं म्हणून!

किशोर कदमांचंच 'दिठी' बघा. सुमित्राताईंचा शेवटचा. दि. बा. मोकाशींची कथा आहे मूळ, 'आता आमोद सुनासि आले'. रामजी लोहार, इतकी वर्षं वारी केलेला माणूस, तरणा मुलगा पुरात जातो. बाहेर पाऊस थांबत नाही आणि घरात सोबती पोथी वाचताहेत. मग अडलेल्या गाईला सोडवायला कुणी येईना म्हणून यालाच बोलावतात. पुढचं सांगत नाही. पाऊस इतका पडतो त्यात की मी मध्येच उठून गच्चीवरचे कपडे बघून आले. (ऊन होतं.)

चष्मिष्ट

अक्का 😄 'दिठी' मी थांबवून थांबवून पाहिला, एका दमात झेपेना.

रत्नांग्रीचो

सगळे मराठीच सांगतायत तर मी अर्धा मराठी सांगतो. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. कान महोत्सवात २०२४ला ग्राँ प्री मिळालं तो. दोन मल्याळी नर्सा आणि त्यांच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी आमची पार्वती, म्हणजे छाया कदम. मुंबईतल्या घराचे कागद नाहीत, बिल्डर काढायला टपलाय. शेवटी ती कंटाळून गावी परत येते, रत्नागिरीकडे, आणि दोघी तिला पोचवायला येतात.

पहिला भाग मुंबईचा पाऊस आणि गाड्या, इतक्या भाषा एकदम की माझ्या बायकोने सबटायटल कुठल्या भाषेची लावलीस म्हणून विचारलं. मध्ये मध्ये पियानो वाजतो, इथिओपियातल्या एका जोगिणीने वाजवलेला, एमाहोय. आता हे संगीत पडद्यावरच्या कुणाचंच नाही, रानजाईताई. इथिओपियाचा पियानो आणि दादरचा पाऊस, काही संबंध नाही. तरी मला एकदाही खटकला नाही. तुमच्या नियमाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

छाया कदम आणि कनी कुस्रुती रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात तिथे मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. बाकी आमचा समुद्र फार शहाण्यासारखा वागलाय त्यात. इकडे पावसाळा संपताना तो गप्प नसतो.

रानजाई

नियम नव्हताच हो तो, कुरकुर होती. पियानोचं म्हणाल तर मलाही आवडला, आणि का आवडला ते सांगता येत नाहीये, याचाच राग आलाय. कदाचित तो मला काही करायला सांगत नाही. रड, घाबर, हस, काही नाही. बाजूच्या बिल्डिंगमधून ऐकू यावा तसा येतो आणि जातो. पण मग पेटीमास्तर म्हणतील की चांगलं संगीत असंच असतं, आणि भांडण संपेल, जे मला नकोय.

पेटीमास्तर

म्हणतोच आहे. पुढचा सिनेमा मी सुचवतो, 'सामना' (१९७५). भास्कर चंदावरकरांनी तिथे काय वाजवलंय आणि कुठे हात आखडता घेतलाय, ते कानात तेल घालून ऐका. निळूभाऊ आणि डॉक्टर लागू समोरासमोर आहेत, त्यामुळे ऐकायचं राहून जाईल, म्हणून दोनदा बघा. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

ठाकुर्ली_स्लो

डोळे मिटून निळू फुले? काका, हे जमणार नाही.